पहिल्या ट्रायथलॉनची तयारी आणि मनातली धाकधूक

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तीन प्रकारांची सलग शर्यत. एकदा सुरू झालेले घड्याळ शेवटची रेषा ओलांडेपर्यंत थांबत नाही. पाण्यातून बाहेर येऊन हेल्मेट चढवणे, सायकल जागेवर लावून धावायचे बूट घालणे, या कामांचा वेळही त्यातच मोजला जातो. अंतरांवरून तिचे चार मुख्य प्रकार पडतात. स्प्रिंटमध्ये ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असते. ऑलिंपिक अंतरात हेच आकडे दुप्पट होऊन १.५, ४० आणि १० किलोमीटर होतात. हाफ आयर्नमॅन किंवा ७०.३ या शर्यतीत ती अंतरे १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर असतात, ७०.३ ही त्यांची मैलांतली बेरीज. पूर्ण आयर्नमॅनमध्ये ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल चालवून वर ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन धावायची असते. पोहणे न येणाऱ्यांसाठी धावणे, सायकल आणि पुन्हा धावणे अशा क्रमाची ड्युएथलॉन असते.

हा खेळ तसा तरुण आहे. २५ सप्टेंबर १९७४ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन दिएगोच्या मिशन बे परिसरात जॅक जॉन्स्टन आणि डॉन शॅनहन यांनी तिथल्या धावपटूंच्या क्लबसाठी पहिली आधुनिक ट्रायथलॉन भरवली, तेव्हा ४६ जण उतरले होते. त्यांच्यातच असलेले नौदल अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी पुढे हवाईमध्ये आयर्नमॅनची कल्पना मांडली. फेब्रुवारी १९७८ मधल्या त्या पहिल्या शर्यतीत १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. सन २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनचा समावेश झाला. महाराष्ट्रात या शर्यतीचे नाव घरोघरी पोहोचले ते मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केल्यावर. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात मिरामार किनाऱ्यावर ७०.३ शर्यत सुरू झाली आणि परदेशवारीचा खर्च न करता हा अनुभव घेण्याची सोय झाली. कोल्हापुरात राजाराम तलावात पोहण्याचा टप्पा असलेली बर्गमन ट्रायथलॉनही मराठी स्पर्धकांच्या परिचयाची आहे.

पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर इथल्या प्रशिक्षकांकडे येणारा नवखा स्पर्धक बहुधा तिशी-चाळिशीतला नोकरदार, डॉक्टर, व्यावसायिक किंवा पोलीस अधिकारी असतो. त्याने आधी दोन-चार अर्धमॅरेथॉन धावलेल्या असतात, सायकलींच्या ग्रुपबरोबर रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत किंवा बोपदेव घाटात जाऊन आलेला असतो. पोहणे मात्र लहानपणी गावच्या विहिरीत किंवा पालिकेच्या तलावात शिकलेले, आणि पुढे वीस वर्षे सुटलेले असते. नाव नोंदवताना उत्साह असतो. शर्यत जवळ आली की पोटात गोळा येऊ लागतो. या गोळ्याचे काय करायचे, हा प्रश्न तयारीच्या शेवटी येणारा नाही. पहिल्या आठवड्यापासून तो तयारीचाच भाग असतो.

धाकधूक म्हणजे काय

महत्त्वाचे आणि अनिश्चित असे काही समोर उभे राहिले की शरीर अनुकंपी चेतासंस्थेमार्फत सज्ज होते. अॅड्रेनॅलिन वाढते, हृदयाचे ठोके जलद होतात, श्वास उथळ होतो, तळहातांना घाम सुटतो. रक्त पचनसंस्थेकडून स्नायूंकडे वळते, म्हणून भूक मरते आणि शौचाला वारंवार जावेसे वाटते. ही सगळी लक्षणे जोराने धावण्यापूर्वी शरीराने करून ठेवलेल्या तयारीचीच आहेत. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून मांडलेला नियम आजही क्रीडामानसशास्त्रात शिकवला जातो: उत्तेजना एका मर्यादेपर्यंत वाढली तर कामगिरी सुधारते, त्यापुढे ढासळते, आणि काम जितके अवघड तितकी ही मर्यादा लवकर येते. पोहण्यासारख्या नाजूक तंत्राच्या कामात ती धावण्यापेक्षा लवकर येते, हे प्रत्येक प्रशिक्षकाने पाहिलेले असते.

म्हणूनच नुसते ‘शांत राहा’ सांगून फारसे हाती लागत नाही. अॅलिसन वूड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गाणे, भाषण आणि गणित यांआधी काहींना ‘मी शांत आहे’ आणि काहींना ‘मी उत्साहात आहे’ असे म्हणायला सांगितले. उत्साहात असल्याचे म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. धडधडत्या छातीला शांत करणे अवघड असते. त्याच धडधडीकडे उत्सुकता म्हणून पाहणे त्या मानाने सोपे जाते.

त्याहून उपयोगी ठरते ते भीतीचे तुकडे पाडणे. ‘मला शर्यतीची भीती वाटते’ या वाक्यावर उपाय नसतो. अनुभवी प्रशिक्षक नवख्याला वही घेऊन बसायला सांगतात आणि नेमके कशाचे भय वाटते ते लिहायला लावतात. यादी जवळपास सगळ्यांची सारखीच निघते: पाण्यात दम कोंडला तर, कुणाची लाथ लागून गॉगल निघाला तर, सायकल पंक्चर झाली तर, पोट बिघडले तर, पायात गोळे आले तर, वेळेची मर्यादा चुकली तर, सगळ्यांत शेवटी आलो तर. प्रत्येक ओळीसमोर ‘तर काय करायचे’ हे एका वाक्यात लिहिले जाते. ‘अमुक झाले तर मी तमुक करीन’ अशा आधीच ठरवलेल्या कृतींचा परिणाम जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात अभ्यासला. ऐन वेळी विचार करण्याचे ओझे त्याने हलके होते. मात्र वहीतले उत्तर सरावात करून पाहिलेले नसेल तर ते कागदावरच राहते. पहिल्या शर्यतीची तयारी म्हणजे मोठ्या अंशी ही यादी एकेक करून सरावात उतरवणे.

शर्यत निवडणे आणि वेळापत्रक

पहिली शर्यत स्प्रिंट किंवा ऑलिंपिक अंतराची असावी असा सल्ला बहुतेक प्रशिक्षक देतात. प्रत्यक्षात अनेक जण मित्रांच्या आग्रहाने थेट ७०.३ ला नाव घालतात. धावण्या-सायकलीचा पाया असेल तर तेही जमते, पण तयारीला निदान चार-पाच महिने लागतात. स्प्रिंटसाठी आठवड्याला पाच-सहा तास पुरतात, ७०.३ साठी आठ ते बारा तास काढावे लागतात. नोकरी आणि घर सांभाळून एवढा वेळ पहाटेच निघतो. त्यामुळे झोप हा वेळापत्रकातला पहिला रकाना ठरतो आणि घरच्यांची संमती दुसरा.

अंतराइतकेच पाणी पाहून शर्यत निवडावी. तलावाचे पाणी संथ असते. समुद्रात लाटा, ओढ आणि खारटपणा असतो. स्वतःला कच्चा पोहणारा समजणाऱ्याने पहिल्यांदा तलाव निवडला तर यादीतल्या दोन-तीन ओळी आपोआप कमी होतात.

तयारीआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, विशेषतः चाळिशीनंतर किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर. अमेरिकेत २००६ ते २००८ या काळातील ट्रायथलॉन शर्यतींच्या अभ्यासात १४ मृत्यू नोंदले गेले आणि त्यांपैकी १३ पोहण्याच्या टप्प्यात झाले होते. प्रमाण लाख स्पर्धकांमागे सुमारे दीड. धोका कमी आहे, पण तो कुठे आहे हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. छातीत दुखणे, भोवळ येणे, वाजवीपेक्षा जास्त धाप लागणे ही लक्षणे घाबरण्याच्या नावावर खपवू नयेत.

पश्चिम भारतात वेळापत्रकाला पावसाळ्याची अडचण असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या शर्यतीची मुख्य तयारी जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत पडते. रस्त्यांवर खड्डे आणि चिखल, घाटात धुके आणि दरडी, समुद्र खवळलेला. त्यामुळे सायकलीचा बराच सराव घरात, एका जागी सायकल चालवण्याच्या ट्रेनरवर करावा लागतो. कोकण किनाऱ्यावर मासेमारी परंपरेने नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू होते. पोहणाऱ्यांनाही समुद्र त्यानंतरच हळूहळू मिळतो. म्हणजे शर्यत समुद्रात असेल तर खऱ्या पाण्यातल्या सरावासाठी हाती थोडेच आठवडे उरतात. ते आठवडे गाठायचे तर तलावातले पोहणे तोवर पक्के झालेले असावे लागते.

पोहणे: भीतीचे मुख्य ठाणे

नवख्यांच्या यादीत पाणी पहिल्या क्रमांकावर असते, आणि ते योग्यच आहे. रस्त्यावर दम लागला तर थांबता येते. खोल पाण्यात थांबणे हेही शिकावे लागते. पंचवीस मीटरच्या तलावात दर फेरीला भिंत मिळते, तळाची काळी रेघ दिसते, पाणी स्वच्छ असते. मोकळ्या पाण्यात यातले काहीच नसते. खाली हिरवट अंधार, समोर पाणी उडवणारे हात, दिशा कळेनाशी होते. तलावात दोन किलोमीटर सहज पोहणारा माणूस तिथे शंभर मीटरवर गडबडतो, तो ताकद कमी पडल्याने नव्हे.

या गडबडीची यंत्रणा समजून घेतली की तिच्यावर काम करता येते. घाबरलेला माणूस पाण्यात तोंड घालताना श्वास रोखून धरतो. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि हवेची भूक तीव्र होते. मग डोके वर काढल्यावर आधीची हवा सोडायची आणि नवी घ्यायची, ही दोन्ही कामे अर्ध्या क्षणात करावी लागतात. श्वास उथळ होतो, डोके वर राहते, पाय खाली बुडतात आणि पोहणे जड होते. दम लागतो म्हणून भीती वाढते, भीतीने दम आणखी लागतो. यावरचा उपाय म्हणजे तोंड पाण्यात असताना सतत बुडबुडे सोडत राहणे. पोहायला शिकवण्याच्या पहिल्या दिवशी मुलांना दिला जाणारा हा धडा चाळिशीच्या अभियंत्याला पुन्हा गिरवावा लागतो.

तलावात असतानाच मोकळ्या पाण्याची बरीच तयारी करता येते. भिंतीला हात न लावता वळणे, दर आठ-दहा हातांनी मगरीसारखे डोळे पाण्याबाहेर काढून समोरची खूण पाहणे, एका लेनमध्ये चौघांनी खेटून पोहणे, मुद्दाम गॉगल काढून तो तरंगत राहून पुन्हा घालणे, हे सगळे ठरवून करायचे असते. फ्रीस्टाइलवरून ब्रेस्टस्ट्रोकवर, तिथून पाठीवर आणि परत फ्रीस्टाइलवर येणे हा सर्वांत मोलाचा सराव. पाठीवर निवांत तरंगता येते याची खात्री पटली की खोल पाण्याची निम्मी दहशत ओसरते.

त्यानंतर खरे मोकळे पाणी. धरणे आणि तलाव इथे परवानगी, जीवरक्षक आणि सोबत यांशिवाय उतरू नये. खडकवासल्यासारख्या जलाशयांत दर वर्षी बुडून मृत्यू होतात. चांगले ग्रुप परवानगी असलेल्या जागी होडी आणि सुरक्षा पथकासह सराव ठेवतात. प्रत्येकाच्या कमरेला भडक रंगाचा हवा भरलेला तरंगता फुगा बांधलेला असतो. पहिल्या खेपेला अंतराचे लक्ष्य ठेवले जात नाही. किनाऱ्याला समांतर, उभे राहता येईल अशा खोलीत पोहायचे, थांबायचे, तरंगायचे, पुन्हा निघायचे. समुद्रात आणखी दोन गोष्टी शिकाव्या लागतात: फुटणाऱ्या लाटेला तोंड न देता तिच्याखालून डुबी मारणे, आणि नाका-तोंडात खारे पाणी गेले तरी न बावरणे. मालवणजवळच्या चिवला किनाऱ्यावर भरणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेत लहान अंतराच्या गटात उतरून काही जण ही सवय करून घेतात. गर्दीत पोहण्याचा असा अनुभव ट्रायथलॉनआधी मिळाला तर उत्तमच.

आपल्याकडचे समुद्राचे पाणी कोमट असते. थंड देशांतल्या शर्यतींत अंगाला तरंगतेपणा देणारा वेटसूट वापरतात. आयर्नमॅनच्या नियमांत हौशी स्पर्धकांना तो पाण्याचे तापमान साधारण २४.५ अंशांपर्यंत असताना निर्बंधाविना वापरता येतो. गोव्याचे पाणी त्याहून बरेच उबदार असल्याने तिथे त्याचा आधार नाही. परदेशी चित्रफिती पाहून वेटसूट विकत घेणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे. तीनही टप्प्यांत चालणारा, लवकर वाळणारा ट्रायसूट पुरतो. तो मात्र सरावात अनेकदा वापरलेला असावा, नाहीतर काखेत आणि मांडीत सालटी निघतात.

सायकल आणि तिची निगा

वेळेच्या हिशेबात सायकलीचा टप्पा सर्वांत मोठा असतो. महागडी सायकल असण्याची गरज नाही. साधी रोड बाइक, इतकेच काय, नेमून दिलेल्या नियमांत बसणारी हायब्रिडही पहिल्या शर्यतीला चालते. आसनाची उंची आणि हँडलचे अंतर अंगाला जुळवून घेणे त्याहून महत्त्वाचे. गुडघा किंवा कंबर दुखू लागली तर बहुतेकदा कारण तिथे सापडते.

यादीतली पंक्चरची ओळ पुसण्याचा एकच मार्ग आहे: स्वतःच्या हाताने ट्यूब बदलणे, तेही मागच्या चाकाची, कारण तिथे चेन आणि गिअर सांभाळावे लागतात. शर्यतीत बाहेरच्या माणसाची मदत घेतली तर बाद ठरवले जाऊ शकते. एक सुटी ट्यूब, दोन टायर लिव्हर, हातपंप किंवा गॅसचे नळकांडे सीटखालच्या पिशवीत असावे. घरच्या गच्चीवर चार-सहा वेळा हे काम केलेल्याला रस्त्यावर ते दहा मिनिटांत जमते, आणि पंक्चर झालेच नाही तरी नव्वद किलोमीटर तो निर्धास्त असतो.

हौशी गटात दुसऱ्याच्या मागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घेण्यास मनाई असते. लांब अंतराच्या शर्यतींत पुढच्या सायकलीपासून साधारण १२ मीटर अंतर राखावे लागते आणि ओलांडायला लागले की ठरलेल्या वेळात ओलांडून जावे लागते. रविवारच्या ग्रुपमध्ये एकमेकांच्या मागे चालवण्याची सवय झालेल्यांना एकट्याने वारा कापण्याचा सराव मुद्दाम करावा लागतो. घाटात उभे राहून पायडल मारण्यात पटाईत असलेले स्पर्धकही सपाट रस्त्यावर तासन्तास एका बैठकीत बसून चालवताना कुरकुरतात, म्हणून दोन्ही प्रकार हवेत.

ट्रान्झिशन आणि धावणे

दोन टप्प्यांमधल्या बदलाला ट्रान्झिशन म्हणतात. नियम थोडेच पण कडक आहेत. सायकल स्टँडवरून काढण्याआधी हेल्मेटचा पट्टा लागलेला हवा आणि सायकल परत लावल्याशिवाय तो सोडता येत नाही. आखून दिलेल्या रेषेपुढे गेल्यावरच सायकलवर बसायचे आणि परतताना दुसऱ्या रेषेआधी उतरायचे. सामान मांडण्याचा क्रमही ठरलेला असावा: हेल्मेट उलटे, त्यात चष्मा, शेजारी बूट, बुटांत मोजे, बाजूला नंबर लावलेला पट्टा. पार्किंगमध्ये टॉवेल पसरून हे दहा वेळा करून पाहिले की हात आपोआप चालतात. शेकडो सायकलींत आपली जागा शोधता न येणे ही नवख्यांची नेहमीची फजिती. पाण्यातून येणाऱ्या वाटेने आदल्या दिवशी चालत जाऊन रांगा मोजून ठेवल्या की ती टळते.

सायकलीवरून उतरून धावू लागल्यावर पाय लाकडी वाटतात. तासन्तास एकाच गतीने फिरलेल्या स्नायूंना वेगळे काम करावे लागते, आणि पहिले एक-दोन किलोमीटर आपण धावतोय की लंगडतोय हे कळत नाही. सायकलीच्या सरावाला जोडून लगेच पंधरा-वीस मिनिटे धावण्याच्या सरावाला ब्रिक म्हणतात. आठवड्यातून एकदा केलेल्या ब्रिकने हा जडपणा पूर्ण जात नाही, पण तो थोड्या वेळाने उतरतो हे शरीराला ठाऊक होते. न केलेला माणूस मात्र ‘आता संपलो’ असे समजून चालायला लागतो.

खाणे-पिणे आणि ऊन

दोन-अडीच तासांपर्यंतच्या श्रमात ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पुरतात. त्याहून लांबच्या शर्यतीत सवय केलेले स्पर्धक ९० ग्रॅमपर्यंत जातात. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, ऊर्जा देणाऱ्या जेलच्या एका पाकिटातही तेवढेच. पोटाला हालचालीत खाणे पचवण्याची सवय लावावी लागते, म्हणून शर्यतीच्या दिवशी खायचे ते सगळे लांबच्या सरावात खाऊन पाहिलेले असावे. खजूर, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू चालणाऱ्यांनी ते खावे. शर्यतीच्या जागी भरणाऱ्या प्रदर्शनातल्या स्टॉलवर आदल्या दिवशी मिळालेले नवे जेल पिशवीतच राहू द्यावे.

पाणी तहानेप्रमाणे प्यावे, सोबत क्षार घ्यावेत. भीतीपोटी सतत नुसते पाणी ढोसल्याने रक्तातले सोडियम धोकादायकरीत्या घसरू शकते. किनाऱ्यावरचा दमटपणा पुण्या-नाशिकच्या स्पर्धकांना अनपेक्षित असतो. घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, ठोके नेहमीच्या वेगालाही वर चढतात. उष्णतेची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. तेवढे आधी जाऊन राहणे शक्य नसेल तर दुपारच्या उन्हात बेताचा सराव करावा आणि शर्यतीतला वेग आधीच कमी धरावा.

शेवटचे पंधरा दिवस

शेवटच्या दोन आठवड्यांत सरावाचे प्रमाण साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी केले जाते. वेगाचे छोटे तुकडे मात्र ठेवले जातात. याला टेपर म्हणतात. शरीर सावरते, पण मन बिथरते. रोजचा घाम बंद झालेला, हातात रिकामा वेळ, आणि नसलेली दुखणी जाणवू लागतात: गुडघ्यात कळ, घशात खवखव. ‘तयारी कमी पडली’ म्हणून या दिवसांत एखादी लांब सायकलफेरी मारून येणारे थकून शर्यतीला उभे राहतात. हा काळ सामान तपासण्यात, सायकलची सर्व्हिसिंग करून घेण्यात, मार्गाचा नकाशा पाठ करण्यात आणि वही पुन्हा वाचण्यात घालवावा.

लक्ष्येही याच काळात ठरतात. एकच लक्ष्य ठेवले तर ते हुकताच सगळे संपल्यासारखे वाटते. म्हणून तीन ठेवतात: सगळे जुळून आले तर गाठायची वेळ, साधारण दिवस असेल तर गाठायची वेळ, आणि काहीही झाले तरी मर्यादेत, धडधाकट पोहोचणे. पूर्ण आयर्नमॅनला साधारण १७ तास आणि ७०.३ ला साडेआठ तास मिळतात. प्रत्येक टप्प्याची मर्यादा वेगळी असते. हे आकडे सरावातल्या स्वतःच्या वेळांशेजारी मांडून पाहिले की ‘वेळ चुकली तर’ ही भीती बहुतेकांच्या बाबतीत निराधार निघते. ज्यांच्या बाबतीत ती खरी असते त्यांनाही नेमकी किती मिनिटे कमी पडतात ते कळते.

आदल्या दिवशी स्पर्धकांची माहितीसभा होते आणि सायकल जमा करावी लागते. सायकल जमा झाली की मग करण्यासारखे काही उरत नाही, आणि रात्री झोप लागत नाही. या एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने कामगिरीवर फारसा परिणाम होत नाही. आधीच्या रात्री झोप पुरेशी झालेली असली म्हणजे झाले. हे ठाऊक असलेला माणूस कूस बदलत पडून राहतो, पण झोप येत नाही म्हणून आणखी घाबरत नाही. जेवण नेहमीचे, कमी तिखट, कमी चोथ्याचे. वरण-भात, दहीभात, खिचडी यांनी आजवर कुणाचा घात केलेला नाही.

शर्यतीची सकाळ

पहाटे ट्रान्झिशनच्या मांडवात नवखे ओळखू येतात. काही जण तिसऱ्यांदा टायरची हवा तपासत असतात, काही अखंड बडबडत असतात, काहींचा चेहरा दगडासारखा झालेला असतो. शौचालयासमोर लांब रांग असते. हे सगळ्यांचेच होते आणि दहा शर्यती केलेल्यांचेही होते, एवढे कुणी सांगितले तरी खांदे थोडे खाली येतात. न्याहारी दोन-तीन तास आधी झालेली असावी. सामान एकदाच, लिहून आणलेल्या यादीवरून तपासावे आणि तिथून बाजूला व्हावे. घाबरलेल्यांच्या घोळक्यात उभे राहिले की भीती वाढते. मग दोन मिनिटे श्वास: नाकाने चार आकड्यांपर्यंत आत, तोंडाने सहा-आठ आकड्यांपर्यंत सावकाश बाहेर. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते.

पाण्यात थोडे आधी उतरून चेहरा भिजवणे, बुडबुडे सोडणे, पन्नास मीटर सावकाश पोहून येणे ही शेवटची आणि फार उपयोगाची पायरी. आयोजक तशी मुभा देत नसतील तर किनाऱ्यावरच चेहऱ्यावर आणि मानेवर पाणी मारून घ्यावे. आता बहुतेक शर्यतींत सगळे एकदम सोडण्याऐवजी काही सेकंदांच्या अंतराने थोडेथोडे जण सोडतात आणि प्रत्येकाची वेळ त्याने सुरुवातीच्या रेषेवरची वेळ नोंदणारी चटई ओलांडल्यापासून मोजली जाते. म्हणून पुढे घुसण्यात काही हशील नाही. नवख्याने मागे आणि कडेला उभे राहावे. पहिले दोनशे मीटर हास्यास्पद वाटतील इतके सावकाश पोहावे.

एवढे करूनही दम कोंडलाच, तर वहीतले उत्तर अमलात आणायचे. पाठीवर वळायचे, आकाशाकडे पाहत पाच-दहा लांब श्वास घ्यायचे, मग ब्रेस्टस्ट्रोकने मार्गावरच्या पुढच्या तरंगत्या बोयापर्यंत. आणखी गरज वाटली तर हात वर करून सुरक्षा पथकाची कयाक बोलवायची. तिला धरून विश्रांती घ्यायला नियमांची हरकत नसते. फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचे नाही. हा नियम माहीत नसलेले बाद होण्याच्या भीतीने कयाकपासून लांब राहतात आणि उगाच धोका पत्करतात. जिवाला बरे वाटत नसेल तर बाहेर पडावे.

पुढचे तास

पाण्यातून बाहेर आलेल्या नवख्याला सुटकेचा आनंद इतका होतो की तो सायकलीवर भरधाव निघतो. पहिली वीस मिनिटे मुद्दाम आवरून चालवावी, ठोके खाली आले की खायला सुरुवात करावी. भूक लागण्याची वाट पाहू नये. घड्याळाकडे पाहून दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडे खावे. उरलेल्या एकूण अंतराचा विचार मन दडपून टाकतो, म्हणून अंतराचे छोटे वाटे करतात: पुढचा पाण्याचा टेबल, पुढचे वळण, पुढची फेरी. धावताना पाणपोईवर चालत पाणी पिणे ही हार नाही, तो आखलेला भाग असू शकतो. डोक्यावर बर्फ, मानेवर पाणी, टोपी ओली ठेवणे याने उन्हात बराच फरक पडतो. मनात निराशेचे बोल सुरू झाले तर आधी खाणे-पिणे तपासावे. साखर आणि क्षार कमी पडले की मन सर्वांत आधी कुरकुरते, आणि एका जेलने जग पुन्हा बरे दिसू लागल्याचे अनेकांनी सांगितले आहे.

शर्यत संपल्यावर लगेच आडवे होऊ नये. दहा-पंधरा मिनिटे चालत राहावे, काही प्यावे, तासाभरात जेवावे. चक्कर, उलट्या, गोंधळलेपणा वाटला तर वैद्यकीय तंबूत जावे. पुढचा आठवडा हलक्या हालचालीचा. याच आठवड्यात, आठवण ताजी असताना, वहीतली यादी पुन्हा काढून प्रत्येक ओळीसमोर प्रत्यक्षात काय झाले ते लिहावे. बहुतेक भीती खऱ्या ठरलेल्या नसतात. एखादी अडचण यादीत नसलेलीच निघते, जसे की सनस्क्रीन डोळ्यांत जाणे किंवा सायकलची बाटली उसळून पडणे. ती पुढच्या वेळच्या यादीत जाते.

पुढची शर्यत कोणती, हे या नोंदींवरून ठरते. पाण्यात त्रास झाला असेल तर तेच अंतर पुन्हा करावे आणि मधल्या महिन्यांत मोकळ्या पाण्यातला सराव वाढवावा. पाणी निभावले आणि धावणे कोलमडले असेल तर खाणे, उन्हाची सवय आणि सायकलीवरचा सुरुवातीचा वेग तपासावा. तीनही टप्पे ताब्यात राहिले असतील तर, शरीर पूर्ण सावरल्यावर, पुढच्या अंतराचे नाव नोंदवायला हरकत नाही.